एकाच ग्राफिक्स कार्डावरून तीन प्रोजेक्टर आणि एक मॉनिटर: पोर्ट चार असूनही पडदे दोनच का चालतात?

तिसरीघंटा

नमस्कार. आमच्या हौशी नाट्यगटाला नव्या प्रयोगात रंगमंचाच्या मागच्या भिंतीवर एक सलग, लांबलचक चित्र दाखवायचे आहे. त्यासाठी एकाच मॉडेलचे तीन प्रोजेक्टर मिळाले असून प्रत्येकाचे मूळ रिझोल्यूशन १९२० × १०८० आहे. संगणक चालवणाऱ्यासमोर चौथा पडदा, म्हणजे साधा मॉनिटर, हवाच. कारण पुढचे दृश्य कोणते लावायचे हे प्रेक्षकांना दिसता कामा नये.

संगणकातल्या जुन्या कार्डावर दोन डीव्हीआय, एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट असे चार पोर्ट आहेत, म्हणून चार पडदे चालतील असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात कोणतेही दोन पडदे व्यवस्थित चालतात. तिसरा जोडला की तो सेटिंगमधल्या यादीत दिसतो, पण त्यावर डेस्कटॉप वाढवायला गेल्यास बदल जतन होत नाही. डिस्प्लेपोर्टला साधा एचडीएमआय अडॅप्टर लावूनही फरक पडला नाही. मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. ही मर्यादा नेमकी कुठली आहे? स्प्लिटर लावून ती ओलांडता येईल का? आणि तीन प्रोजेक्टरांच्या सीमा भिंतीवर दिसू नयेत यासाठी काय करावे लागते?

पिक्सेलमोजणी

तिसरीघंटा, आपण वर्णन केलेले लक्षण ओळखीचे आहे आणि कार्डात बिघाड नाही. एका वेळी किती स्वतंत्र चित्रे बाहेर पडतील हे मागच्या पट्टीवरच्या पोर्टांवर ठरत नाही. ते चिपच्या आत असलेल्या डिस्प्ले कंट्रोलरांवर ठरते, ज्यांना सर्रास ‘हेड’ म्हटले जाते. प्रत्येक हेड मेमरीतून आपल्या वाट्याचे चित्र ओळीमागून ओळ वाचते आणि ठरलेल्या गतीने एका पोर्टाकडे पाठवते. हेड दोन असतील तर पोर्ट चार असोत की सहा, स्वतंत्र पडदे दोनच. जास्तीचे पोर्ट केवळ निवडीसाठी असतात.

पण आपल्या कार्डाच्या बाबतीत अडचण हेडची नसून घड्याळाची असण्याची शक्यता मला अधिक वाटते. एकाच कार्डावर सहापर्यंत पडदे चालवण्याची सोय २००९ मध्ये एएमडीच्या रेडिऑन एचडी ५००० मालिकेबरोबर ‘आयफिनिटी’ या नावाने आली. त्या पिढीत हेड पुरेशी होती. परंतु व्हीजीए, डीव्हीआय आणि एचडीएमआय या जुन्या धाटणीच्या प्रत्येक पडद्याला त्याच्या रिझोल्यूशननुसार स्वतंत्र पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवण्याची गती ठरवणारे घड्याळ, लागतो, आणि तो तयार करणारी मंडले कार्डावर दोनच होती. डिस्प्लेपोर्टचे तसे नाही. त्याच्या तारांवरची गती पडद्यावर अवलंबून नसते, ती मोजक्या ठरावीक दरांपैकीच एक असते. त्यामुळे अनेक डिस्प्लेपोर्ट एकाच संदर्भ घड्याळावर चालू शकतात. म्हणूनच त्या कार्डांवर तिसरा पडदा डिस्प्लेपोर्टमधूनच घ्यावा असा नियम होता.

आता अडॅप्टर लावूनही तो का चालला नाही ते पाहा. स्वस्तातला साधा अडॅप्टर, म्हणजे पॅसिव्ह, स्वतः काहीच रूपांतर करत नाही. तो लावला की कार्डच त्या पोर्टातून एचडीएमआयचा सिग्नल काढते, आणि मग पुन्हा तिसऱ्या घड्याळाची गरज निर्माण होते. अॅक्टिव्ह अडॅप्टरमध्ये मात्र एक छोटी चिप असते. ती कार्डाकडून खरा डिस्प्लेपोर्ट सिग्नल घेते आणि एचडीएमआय सिग्नल स्वतः तयार करते. बाहेरून दोन्ही अडॅप्टर सारखेच दिसतात, म्हणून खरेदी करताना वेष्टनावर ‘अॅक्टिव्ह’ असे स्पष्ट लिहिलेले आहे की नाही, ते पाहणे अगत्याचे आहे.

एनव्हिडियाच्या कार्डांवर २०१२ च्या केप्लर पिढीपूर्वी एका चिपमागे दोनच पडदे चालत; त्या पिढीत जीटीएक्स ६८० पासून चार चालू लागले. आजच्या बहुतेक स्वतंत्र कार्डांवरही ही मर्यादा चारच आहे.

तारयंत्र

वरच्या प्रतिसादाशी सहमत. एक सुचवतो: प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स असेल आणि मदरबोर्डावर पोर्ट असेल, तर चालकाचा मॉनिटर तिथे जोडावा. त्यासाठी बायोसमध्ये अंतर्गत ग्राफिक्स कायम सुरू ठेवण्याचा पर्याय निवडावा लागतो, कारण वेगळे कार्ड बसवले की अनेक मदरबोर्ड ते आपोआप बंद करतात. अॅक्टिव्ह अडॅप्टरसह तीन प्रोजेक्टर कार्डावर आणि मॉनिटर मदरबोर्डावर, अशी मांडणी आहे त्याच सामग्रीत जमावी.

तिसरीघंटा

दोघांचेही आभार. पॅसिव्ह आणि अॅक्टिव्ह यांतला फरक एवढा मूलभूत असेल याची कल्पना नव्हती. आमच्या प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स नाही, त्यामुळे तो मार्ग बंद आहे. एका सदस्याने खासगी संदेशातून सुचवले की एचडीएमआय स्प्लिटरऐवजी ‘एमएसटी हब’ घ्यावा. या दोन वस्तूंत नेमका काय फरक आहे?

पिक्सेलमोजणी

दोन्हींना एक तोंड आत आणि अनेक तोंडे बाहेर असतात, पण काम अगदी वेगळे आहे. स्प्लिटर एकाच चित्राच्या प्रती काढतो. संगणकाला एकच पडदा दिसतो आणि तिन्ही प्रोजेक्टरांवर तेच चित्र उमटते, त्यामुळे आपल्या कामासाठी तो निरुपयोगी आहे. एमएसटी ही डिस्प्लेपोर्टच्या १.२ या आवृत्तीत, म्हणजे २०१० मध्ये, आलेली सोय आहे. तिच्यामुळे एकाच केबलमधून अनेक स्वतंत्र चित्रांचे प्रवाह एकत्र जातात, हब ते वेगळे करतो, आणि संगणकाला प्रत्येक पडदा निराळा दिसतो.

किती पडदे मावतील याचा हिशेब करता येतो आणि तो प्रत्येकाने खरेदीपूर्वी करावा असे मला मनापासून वाटते. १९२० × १०८० रिझोल्यूशनला ६० हर्ट्झवर १४८.५ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक लागतो. प्रत्येक पिक्सेलचे २४ बिट धरले तर सेकंदाला सुमारे ३.५६ गिगाबिट होतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या केबलमधल्या चारही मार्गिका, म्हणजे डेटा वाहणाऱ्या तारांच्या जोड्या, मिळून प्रत्यक्ष वापरता येणारी क्षमता १७.२८ गिगाबिट आहे. चार प्रोजेक्टरांचे सुमारे १४.२६ गिगाबिट त्यात बसतात, पाचवा बसत नाही. यूएसबी-सी हबच्या बाबतीत मात्र सावध राहावे: त्यांपैकी अनेक हब चारपैकी दोन मार्गिका यूएसबीच्या डेटासाठी राखून ठेवतात, त्यामुळे त्याच दराने क्षमता निम्मी, म्हणजे ८.६४ गिगाबिट होते आणि पूर्ण एचडीचे दोनच पडदे मावतात.

हबमुळे केबल वाचते, हेड वाढत नाहीत. चार हेडच्या कार्डाला दोन हब लावून सहा पडदे मिळणार नाहीत. शिवाय मॅकओएसवर एमएसटी हबमागचे पडदे स्वतंत्र डेस्कटॉप म्हणून वापरता येत नाहीत, त्यांवर एकच चित्र उमटते. विंडोज आणि लिनक्सवर ही अडचण नाही.

जुनी_जोडणी

यूएसबीवरून चालणारे डिस्प्ले अडॅप्टर हाही एक पर्याय आहे. डिस्प्लेलिंक तंत्रावर चालणाऱ्या अशा अडॅप्टरांना कार्डावरचे हेड लागतच नाही. माझ्या कार्यालयातल्या कामात ते उत्तम चालतात.

प्रकाशरेषा

कार्यालयीन कामासाठी ते योग्यच आहेत, पण प्रयोगातल्या प्रोजेक्टरांसाठी त्यांचा विचार करू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. त्यात चित्र आधी संगणकावर आकुंचित होते, यूएसबीवरून जाते आणि अडॅप्टरमध्ये पुन्हा उलगडले जाते. स्थिर मजकुराला हे पुरेसे असते. पडदाभर हलणाऱ्या चित्राला मात्र प्रोसेसरवर भार येतो आणि ते चित्र कार्डावरून थेट जाणाऱ्या शेजारच्या चित्राच्या मागे पडते. शेजारी-शेजारी लावलेल्या तीन प्रोजेक्टरांपैकी एकच मागे पडू लागला तर तो विस्कोट सर्वांत मागच्या रांगेतूनही दिसतो. चालकाच्या मॉनिटरसाठी मात्र हा अडॅप्टर चालून जाईल.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या मते या साऱ्या कामाचे यश त्यावरच अवलंबून आहे.

प्रोजेक्टर कडेला कड लावून बसवले तर सांधा हमखास दिसतो: कुठे काळी फट, कुठे उजळ रेघ. म्हणून शेजारच्या चित्रांचा काही भाग एकमेकांवर पाडतात आणि त्या पट्ट्यात एकाचा प्रकाश हळूहळू कमी करत दुसऱ्याचा वाढवत नेतात. यालाच एज ब्लेंडिंग म्हणतात. ओव्हरलॅप साधारणपणे रुंदीच्या १० ते २० टक्के ठेवतात. आपण १५ टक्के धरले तर १९२० पैकी २८८ पिक्सेल दोन्ही प्रोजेक्टरांवर सारखेच येतील. तीन प्रोजेक्टरांत असे दोन सांधे असल्याने एकूण रुंदी ५७६० न राहता ५१८४ पिक्सेल उरते. चित्रफीत पहिल्यापासून ५१८४ × १०८० याच मापाची करून घ्यावी, म्हणजे नंतर ताणाताण करावी लागणार नाही.

सांध्यातला उतार सरळ रेषेत दिला तर काय होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. सांध्याच्या मधोमध दोन्ही प्रोजेक्टरांना पांढऱ्याच्या निम्मे, म्हणजे ०.५ मूल्य दिले, तर प्रत्येकाचा प्रकाश निम्मा होत नाही. प्रोजेक्टरचा गॅमा, म्हणजे दिलेल्या मूल्यावरून प्रत्यक्ष प्रकाश ठरवणारा घातांक, साधारण २.२ असतो, त्यामुळे ०.५ चा प्रत्यक्ष प्रकाश सुमारे ०.२२ इतकाच पडतो आणि दोन्हींची बेरीज ०.४४ च्या आसपास येते. परिणामी भिंतीवर जिथे एकसंध पांढरा हवा तिथे उभा करडा पट्टा दिसतो. निम्मा प्रकाश मिळवण्यासाठी मूल्य ०.७३ द्यावे लागते. म्हणूनच ब्लेंडिंगच्या प्रत्येक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ओव्हरलॅपच्या रुंदीबरोबर गॅमाचाही स्वतंत्र दांडा असतो. पडद्यावर सलग मध्यम करडा रंग लावावा आणि सांधा नाहीसा होईपर्यंत तो दांडा हलवावा. ही जुळवणी रंगीत चित्रावर कधीच करू नये, कारण तपशिलांत दोष लपतो.

काळ्या रंगाला मात्र यावर उपाय नाही. प्रोजेक्टरचा काळा हा खरा काळा नसतो, थोडा प्रकाश गळतच असतो, आणि ओव्हरलॅपमध्ये दोघांचा गळलेला प्रकाश एकत्र येतो. पूर्ण काळोखाच्या दृश्यात सांध्याच्या जागी दोन फिकट उभे पट्टे दिसतील. काही सॉफ्टवेअर उरलेल्या चित्राचा काळा थोडा वर उचलून ते झाकतात. आपल्या प्रयोगात रंगमंचावर मंद प्रकाश असणारच असेल तर तोही हे पट्टे झाकून टाकेल.

प्रोजेक्टरवरची डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ऑटो आयरिस अशी सगळी ‘हुशार’ कामे बंद करावीत, नाहीतर प्रत्येक प्रोजेक्टर आपापल्या वाट्याचे चित्र पाहून स्वतंत्रपणे उजेड बदलत राहील. जुळवणीपूर्वी तिन्ही अर्धा तास तापू द्यावेत. चित्र सरळ करण्यासाठी डिजिटल कीस्टोन शक्यतो वापरू नये. प्रोजेक्टर नीट समोर बसवून, लेन्स शिफ्ट (लेन्स सरकवून चित्र हलवण्याची सोय) असल्यास तो वापरून काम भागवावे. कीस्टोनमध्ये पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि बारीक रेषा मऊ पडतात.

तिसरीघंटा

प्रकाशरेषा, आपला प्रतिसाद छापून आमच्या प्रकाशयोजनाकाराला दिला आहे. आम्ही आता तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असलेले, चार पडद्यांचे कार्ड मिळवत आहोत. पुढचा प्रश्न असा की ड्रायव्हरमध्येच तिन्ही प्रोजेक्टर मिळून एक रुंद पडदा करावा, की ते वेगवेगळे ठेवून सॉफ्टवेअरवर सोपवावे?

पिक्सेलमोजणी

दोन्ही रीती रूढ आहेत. एनव्हिडियाचे सराउंड किंवा एएमडीचे आयफिनिटी वापरले तर विंडोजला तीन पडदे दिसतच नाहीत. एकच ५७६० × १०८० चा पडदा दिसतो आणि चौथा मॉनिटर वेगळा राहतो. कोणताही साधा प्लेअर पूर्ण पडदा व्यापतो, ही मोठी सोय आहे. मात्र तिन्हींचे रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट तंतोतंत सारखे लागतात.

इथे एक फसगत होते. या ड्रायव्हरमध्ये ‘बेझल करेक्शन’ असते आणि ते ओव्हरलॅपसाठी वापरता येईल असे वाटते. पण ते नेमके उलट काम करते: मॉनिटरच्या चौकटीमागे गेलेले पिक्सेल ते गाळून टाकते, तर ओव्हरलॅपमध्ये तेच पिक्सेल दोनदा काढायचे असतात. ड्रायव्हरच्या पातळीवर खरा ओव्हरलॅप हवा असेल तर एनव्हिडियाच्या व्यावसायिक कार्डांवरची मोझॅक ही सोय लागते.

आपल्यासाठी मी दुसरी रीत सुचवेन. विंडोजमध्ये तिन्ही प्रोजेक्टर वेगळे ठेवून डेस्कटॉप त्यांच्यावर वाढवावा, आणि तुकडे पाडणे, ओव्हरलॅप व ब्लेंडिंग हे सारे रिझोल्यूम अरिना किंवा टचडिझायनर यांसारख्या सॉफ्टवेअरवर सोपवावे.

कार्डाला हा भार झेपेल का, ही शंका अशा वेळी नेहमी येते. नुसत्या डेस्कटॉपचा भार नगण्य असतो. पूर्ण एचडीच्या एका पडद्याला मेमरीत जेमतेम ८ मेगाबाइट लागतात, आणि असे चार पडदे मिळून एका ४के पडद्याइतकेच पिक्सेल होतात. खरा प्रश्न चित्रफीत उलगडण्याचा असतो. बहुतेक कार्डांवरचा एच.२६४ या आकुंचन-पद्धतीचा (कोडेकचा) डिकोडर ४०९६ पिक्सेल रुंदीपर्यंतच काम करतो. आपली ५१८४ रुंदीची चित्रफीत एच.२६४ मध्ये काढली तर सगळे ओझे प्रोसेसरवर पडेल आणि चित्र अडखळेल. ८१९२ रुंदीपर्यंतचा एचईव्हीसी (एच.२६५) डिकोडर असलेले कार्ड असेल तर तो मार्ग घ्यावा, अथवा ‘हॅप’ हा कोडेक वापरावा, जो थेट कार्डावर उलगडतो. साध्या हॅपमध्ये प्रत्येक पिक्सेलला अर्धा बाइट पडतो. ५१८४ × १०८० च्या चित्राला ३० फ्रेमच्या वेगाने सेकंदाला सुमारे ८४ मेगाबाइट वाचावे लागतात. एसएसडीला हे सहज जमते.

तारयंत्र

केबलबद्दल कोणीच बोलले नाही म्हणून थोडक्यात. लांब अंतरासाठी साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलवर विसंबू नये. ऑप्टिकल एचडीएमआय वापरावी, आणि तिला दिशा असते हे ध्यानात ठेवावे: संगणकाचे टोक आणि पडद्याचे टोक वेगळे असते व त्यावर तसे लिहिलेले असते. किंवा एचडीबेसटी एक्स्टेंडर घ्यावेत. नेटवर्कच्या चांगल्या केबलवरून ते पूर्ण एचडी १०० मीटरपर्यंत नेतात.

दुसरे महत्त्वाचे म्हणजे ईडीआयडी. प्रत्येक पडदा आपली क्षमता १२८ बाइटांच्या एका मूळ तक्त्यातून कार्डाला कळवतो. प्रयोगाच्या मध्यात एखादा प्रोजेक्टर क्षणभर बंद झाला किंवा केबल हलली तर विंडोजला वाटते की पडदा गेला. मग सगळ्या खिडक्या उरलेल्या पडद्यांवर उड्या मारतात आणि पडद्यांचा क्रमही बिघडू शकतो. यासाठी प्रत्येक ओळीवर ईडीआयडी एम्युलेटर लावावा. ही लहानशी डबी प्रोजेक्टरचा तक्ता शिकून घेते आणि प्रोजेक्टर बंद असला तरी कार्डाला तो दाखवत राहते. लिनक्सवर हेच काम कर्नलला ईडीआयडीची फाइल देऊन होते.

तिसरीघंटा

नवे कार्ड बसवले. चारही पडदे चालू झाले, ०.७३ चा हिशेब भिंतीवर तंतोतंत खरा ठरला आणि करड्या रंगावर सांधे दिसेनासे झाले. एकच गोष्ट उरली आहे. पडदाभर डावीकडून उजवीकडे सरकणारी एक आगगाडी आहे. ती बहुतेक वेळ सांध्यांवरून सफाईने जाते, पण अधूनमधून उजव्या सांध्यात तिच्या डब्यांच्या कडा दुहेरी दिसतात. घड्याळ लावून पाहिले तेव्हा हा दोष दर सोळा-सतरा सेकंदांनी परत येतो असे आढळले.

प्रकाशरेषा

हे अंतर मोजलेत ते फार बरे केलेत, कारण उत्तर त्यातच आहे. डावा आणि मधला प्रोजेक्टर ६० हर्ट्झवर, तर उजवा ५९.९४ हर्ट्झवर चालत असणार. दोन्ही दरांत ०.०६ चा फरक आहे. १ भागिले ०.०६ म्हणजे १६.७ सेकंद. तेवढ्या वेळात उजवा प्रोजेक्टर बरोबर एक फ्रेम मागे पडतो आणि पुन्हा जुळतो. एका फ्रेमचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण आपली आगगाडी ५१८४ पिक्सेलची भिंत चार सेकंदांत पार करत असेल तर एका फ्रेममध्ये ती सुमारे २२ पिक्सेल पुढे जाते, आणि ओव्हरलॅपमध्ये तेवढ्याच अंतराने तिची दुसरी कड उमटते.

विंडोजच्या प्रगत डिस्प्ले सेटिंगमध्ये प्रत्येक पडदा निवडून त्याचा रिफ्रेश रेट पाहावा. उजव्याला ५९ किंवा ५९.९४ असा आकडा असेल तर तो ६० करावा. तो पर्याय यादीतच नसेल, तर उजव्या ओळीवरच्या एम्युलेटरला मधल्या प्रोजेक्टरचा तक्ता शिकवून तोच लावावा.

तिसरीघंटा

उजवीकडे खरोखरच ५९.९४ होते. ६० केल्यावर दर सोळा सेकंदांचा दोष गेला. आता क्वचित, तेही ठरावीक अंतराने नव्हे, आगगाडीची कड मधल्या प्रोजेक्टरवर आडवी चिरल्यासारखी दिसते.

पिक्सेलमोजणी

तो चालकाच्या मॉनिटरचा परिणाम असू शकतो. सॉफ्टवेअर नवी फ्रेम कोणत्या तरी एकाच पडद्याच्या तालावर देते, आणि तो पडदा मॉनिटर असेल तर प्रोजेक्टर आपल्या फ्रेमच्या मध्यात असतानाच चित्र बदलते. मॉनिटरही ६० हर्ट्झवर आणावा, तो ७५ वर असण्याची बरीच शक्यता आहे. मग मधल्या प्रोजेक्टरला मुख्य पडदा करावे आणि सॉफ्टवेअरमधला व्ही-सिंक (पडद्याच्या तालावरच फ्रेम बदलण्याचा पर्याय) सुरू ठेवावा. एवढे करूनही चीर राहिली तर तिन्ही प्रोजेक्टर सराउंड किंवा आयफिनिटीमध्ये घ्यावेत, कारण तिथे ड्रायव्हर तिन्ही हेडचा ताल स्वतः जुळवतो. ब्लेंडिंग तेव्हाही सॉफ्टवेअरकडेच ठेवता येते: ५७६० चा एकच आउटपुट द्यायचा आणि त्यातच तीन तुकडे ओव्हरलॅपसह मांडायचे.

तिसरीघंटा

मॉनिटर ७५ वरच होता. तो ६० वर आणून मुख्य पडदा बदलल्यावर आगगाडी तिन्ही प्रोजेक्टरांवरून अखंड जाते आहे. सराउंडची गरज पडली नाही.